डेन्झिलची निळी तुमान

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या पोर्थट्रेगन गावात वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस सगळी माणसं सारखी असतात. सप्टेंबरातल्या एका शनिवारी मात्र त्यांचे दोन भाग पडतात. जे चाचे होऊन होडीतून येतात ते एक, आणि जे वाहनतळावर उभे राहून "आणखी मागे, आणखी मागे, बस्स!" असं ओरडतात ते दुसरे. डेन्झिल ट्रेव्हॅस्किस गेली तीन वर्षं दुसऱ्या भागात होता. अंगात चमकणारं पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. त्याची बायको लोवेना पहिल्या भागात होती, आणि नुसती होती असंही नाही. ती तोफेवर होती.

तीनशे वर्षांपूर्वी चाचे या धक्क्यावर उतरले, गावातली सगळी बिअर प्याले, पाद्रीबुवांची बकरी उचलली आणि निघून गेले. दुसरं एखादं गाव असतं तर त्याने ही गोष्ट झाकून ठेवली असती. पोर्थट्रेगनने तिचा उत्सव केला.

गेल्या वर्षी तोफेचा आवाज झाला तेव्हा डेन्झिलने मान वळवून समुद्राकडे बघितलं, आणि नेमकं त्याच क्षणी बर्मिंगहॅमहून आलेल्या एका व्हॅनचं मागचं चाक त्याच्या बुटावरून गेलं. संध्याकाळी पबमध्ये लोवेना चेहऱ्यावरची बंदुकीची दारू न पुसता बसली होती, आणि अख्खं गाव तिच्याभोवती गोळा झालं होतं. डेन्झिल अंगठा बर्फात बुडवून कोपऱ्यात बसला होता. कोणीतरी चौकशी करायची म्हणून विचारलं, "आणि तू रे, किती गाड्या लावल्यास?"

"दोनशे बारा," डेन्झिल म्हणाला. हा आकडा सांगताना माणसाला काय वाटतं ते ज्याने कधी सांगितलाय त्यालाच कळेल.

यंदा वसंतात वल्ह्यावरचा एक जण लेकीकडे ब्रिस्टलला राहायला गेला आणि होडीतली एक जागा रिकामी झाली. जागा तोफेच्या अगदी मागे, लोवेनाच्या शेजारी. डेन्झिलला ती जागा हवी होती. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने लोवेनाला स्वयंपाकघरात, दवाखान्यात, लग्नसमारंभात सगळीकडे जवळून बघितलं होतं. पण जिथे ती सगळ्यांत देखणी दिसते असं गाव म्हणतं, तिथे तो कायम पाव मैल लांब, लोकांच्या गाड्यांमध्ये उभा होता. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही. नगरपालिकेत वास, धूर आणि गोंगाट यांच्या तक्रारी घेणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाने असलं काही बोलायचं नसतं.

होडीच्या वाटेत एकच अडचण होती, आणि तिचं नाव टॅम्सिन पेंगेली.

पेंगेलीबाईंनी चाळीस वर्षं जहाजांची शिडं शिवली. आता वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि नजर अशी की शिवणयंत्राची टीप त्यांना खोलीच्या पलीकडून बोचते. होडीत बसायचं तर कपडे बाईंकडून पास करून घ्यायचे, हा नियम. कपडा त्या काळचा, दोरा त्या काळचा, टाका हाताचा, आणि घालणाऱ्याच्याच हाताचा. एकदा त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटाचा एक दोरा उपटून काडीने पेटवला, धुराचा वास घेतला, आणि म्हणाल्या, "नायलॉन. मुलांना हेच शिकवता का हो?" मुख्याध्यापक त्या वर्षी डेन्झिलच्या शेजारी वाहनतळावर उभे होते. फार चांगला माणूस, पण गाड्या तिरक्या लावायचा.

डेन्झिलने पहिल्यांदा जे केलं ते कोणीही केलं असतं. त्याने घरबसल्या तयार पोशाख मागवला. खोक्यातून पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, कवटीचा रुमाल, डोळ्यावरची काळी पट्टी, हाताला लावायचा प्लास्टिकचा आकडा आणि बॅटरीवर बोलणारा पोपट निघाला. ते सगळं अंगावर चढवून तो पेंगेलीबाईंच्या दारात उभा राहिला. बाईंनी दार उघडलं आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. शेवटी पोपटच बोलला.

"राजा, हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"चाचा."

"हा पोपट आहे."

"तो वरती फुकट आला, बाई."

"आत ये. शेजारी बघतायत." बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. "चाचे कोण होते माहीत आहे का तुला? खलाशी. पाय ओले, पोटात मुरडा, कप्तानाचे फटके खाऊन वैतागलेले खलाशी. आणि खलाशी काय घालायचे? अंगाला पुरेल आणि फाटल्यावर स्वतःला शिवता येईल ते. एक सदरा, एक सैल तुमान, एक आखूड कोट, एक विणलेली टोपी. जा, कर. आणि त्या पक्ष्याचं तोंड बंद कर."

घरी आल्यावर लोवेना हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, दार लावलं, आणि तिथे हसली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी शिकवते ना तुला. दोन रविवारांत सदरा होईल."

"नको."

"का रे?"

"लोक म्हणतील, बायकोने होडीत चढवला."

"चढवला तर बिघडलं काय?"

"माणसाला काही मान असतो, लोवेना."

"तुझा मान एवढा वाढलाय की होडीत मावायचा नाही," ती म्हणाली आणि आपल्या कोटाला बटण लावत बसली. तिच्या कोटाची काजं बघायला लोक ट्रूरोहून येत.

त्या काळच्या सदऱ्याची एक गंमत आहे. त्यात गोल असं काही नसतं. सगळे चौकोन. चौकोनी पाठ, चौकोनी बाह्या, हात मोकळा हलावा म्हणून बगलेत चौकोनी कळी. कापडाची एक चिंधी वाया जात नाही. ज्याने कोणी ही रचना काढली त्याच्यापुढे डेन्झिल मनातून नतमस्तक झाला, कारण चौकोन हा नगरपालिकेच्या माणसाचा प्राण आहे. त्याने आलेखाच्या कागदावर आराखडा काढला, वर तारीख घातली, खाली सही केली, आणि कपाटातलं एक जाडसर पांढरं लिनन काढून कापलं. ते लोवेनाच्या आत्याने आयर्लंडहून आणलेलं टेबलक्लॉथ आहे हे त्याला संध्याकाळी कळलं. कसं कळलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मांडीवर कापड घेऊन, मेण लावलेल्या दोऱ्याने त्याने पहिली बाही रात्रीच्या जेवणापर्यंत पुरी केली. अभिमानाने उठला, तर सदरा त्याच्या पॅंटला शिवलेला होता. उसवून पुन्हा बसला. दुसऱ्या बाहीची कळी उलटी बसली, त्यामुळे तो हात खालीच येईना. दोन दिवस तो सदरा अंगात घालून बघायचा आणि दरवेळी एक हात गाड्या थांबवत असल्यासारखा वर राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याने तीही उसवली. बोटांना इतकी भोकं पडली की चहाचा कप धरताना तोंडातून नको ते शब्द निघत. पण महिन्याभरात सदरा झाला. टाके कुठे मुंगीएवढे, कुठे झुरळाएवढे, पण सगळे त्याचे.

मग तुमानीचा प्रश्न आला, आणि त्याबरोबर मिस्टर बोसांको.

बोसांको म्हणजे पलीकडच्या घरातले निवृत्त जहाजी आचारी. जगात असा विषय नाही ज्यावर ते कुंपणावर हात टेकून बोलले नाहीत. डेन्झिलने जुन्या शिडाच्या कापडातून तुमान शिवली. पाय एवढे रुंद की एकेका पायात एक माणूस राहील. ती त्याने तारेवर वाळत घातली होती, ती बघून बोसांको म्हणाले, "पांढरी?"

"निळी करणार आहे. नीळ आणलीय."

"पाण्यात घालशील?"

"मग कशात?"

बोसांकोंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मुतात. जुनी रीत. पण ताजं नाही चालत हं. तीन आठवडे पिंपात मुरलं पाहिजे, तेव्हा नीळ विरघळते. दुकानातल्या रंगाने रंगवलीस तर पेंगेली नुसत्या वासाने ओळखेल."

डेन्झिलला हा माणूस आपली थट्टा करतोय असं वाटलं. त्याने गावच्या ग्रंथालयात जाऊन जुनी रंगाऱ्यांची पुस्तकं काढली. पुस्तकंही तेच म्हणत होती, फक्त जरा लाजत. मग त्याने बागेतल्या शेडमध्ये एक पिंप ठेवलं. एका माणसाच्या जिवावर पिंप भरत नाही, हे त्याच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. तो दिवसाला चौदा कप चहा पिऊ लागला. लोवेनाने या कार्यात भाग घ्यायला स्वच्छ नकार दिला. बोसांको मात्र शेजारधर्माला जागले. ते रोज सकाळी एक झाकण लावलेली बरणी कुंपणावरून द्यायचे, आणि "काही लागलं तर सांग," म्हणायचे.

त्या जूनमध्ये कॉर्नवॉलला कधी नव्हे ते ऊन पडलं.

दुसऱ्या आठवड्यात लोवेना म्हणाली, "डेन्झिल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू शेडमध्ये झोप." तो गेला. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात त्याच्या हाताखालची केरेन्सा एक कागद घेऊन आत आली आणि तिने मागे दार लावून घेतलं.

"सर, वासाची तक्रार आहे. चॅपल स्ट्रीट, चौदा नंबर."

"चौदा नंबर माझा आहे."

"हो सर. म्हणूनच दार लावलं."

"काय म्हणणं आहे?"

केरेन्साने वाचलं, "'जहाजाच्या तळात घोडा मरावा आणि वर कोणी कोबी शिजवावा, तसा.' तक्रारदार मिस्टर बोसांको, सोळा नंबर."

नियमाप्रमाणे वासाच्या जागेची पाहणी डेन्झिलनेच करायची. त्याने केली. पाहणीच्या फॉर्मवर विचारलं होतं, पाहणी करणाऱ्याचं जागेच्या मालकाशी काही नातं आहे का. त्याने लिहिलं, "आहे. फार जवळचं." तेव्हा कागद जिल्ह्याच्या कचेरीत गेला, आणि तिथून प्रश्न आला की वासाचा उगम कोणता ते कळवावे, सांडपाणी, जनावरे, कारखाना की इतर? डेन्झिलने 'इतर'वर खूण केली. पुढे तपशिलासाठी एक ओळ सोडलेली होती. खोटं लिहिणं त्याला वीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं. त्याने लिहिलं, "चाचेगिरी." जिल्ह्याच्या कचेरीने सात दिवसांत चाचेगिरी बंद करावी असा लेखी आदेश काढला.

संध्याकाळी त्याने बोसांकोंना कुंपणाशी गाठलं. "अहो, कल्पना तुमची. अर्धं पिंप तुमचं. आणि तक्रारही तुमचीच?"

"सल्ला दिला तो शेजारी म्हणून," बोसांको शांतपणे म्हणाले, "आणि तक्रार केली ती नागरिक म्हणून. दोन्ही माझं कर्तव्यच आहे. उद्याची बरणी आणू का?"

सात दिवसांची मुदत संपायच्या आत, एका रविवारी दुपारी, डेन्झिलने नाकाला रुमाल बांधला आणि तुमान पिंपात सोडली. तासाभराने काठीने उचलून वर काढली. ती निळी नव्हती. ती आजारी माणसासारखी पिवळट हिरवी होती. दोन महिने, दिवसाला चौदा कप चहा, बायकोपासून ताटातूट, आणि हाती हा हिरवा लगदा! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही पिंपाच्या वाफेचं नव्हतं.

"थांब," बोसांको कुंपणावरून म्हणाले. "हवा लागू दे."

आणि हवा लागली. हिरव्या कापडावर कडेकडेने निळं उमटू लागलं. आधी शिवणीवर, मग घडीघडीतून, मग पायांच्या रुंद घोळावर, जसं काही आतूनच येतंय तसं. दोघं बघत उभे राहिले. पाच मिनिटांत तारेवर समुद्राच्या रंगाची तुमान लटकत होती. ज्या कोणा माणसाने पहिल्यांदा हे करून बघितलं, एवढा वास सोसून, आणि हिरवा लगदा फेकून न देता हवेवर धरला, त्या अनोळखी माणसाला डेन्झिलने मनातल्या मनात सलाम केला. बोसांको त्या दिवशी पहिल्यांदाच काही न बोलता घरात गेले.

डेन्झिलचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. पुढचे पंधरा दिवस पोर्थट्रेगनच्या प्रत्येक तक्रारीवर त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा होता.

जुलैत त्याने आखूड कोट शिवला आणि टोपीही विणली. ऑगस्टात तपासणी झाली, पेंगेलीबाईंच्या शिडं शिवायच्या जुन्या माळ्यावर. बाईंनी भिंग लावून सदऱ्याच्या एकेका शिवणीवरून बोट फिरवलं.

"या बाहीला बोटभर जागेत बारा टाके आणि त्या बाहीला सहा. प्यायला होतास?"

"नाही बाई. जेवण थंड होत होतं."

"हं. खलाशांचंही व्हायचं." मग त्यांनी तुमान हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि नाकाशी नेली. "पिंपात?"

"हो."

"स्वतःच्या?"

"आणि बोसांकोंच्या," डेन्झिल प्रामाणिकपणे म्हणाला.

बाईंनी तुमान हळूच खाली ठेवली, लेकरू ठेवावं तशी. "कपडे पास," त्या म्हणाल्या. डेन्झिलने श्वास सोडला, तोच त्या पुढे म्हणाल्या, "माणूस नापास."

"म्हणजे?"

"आरशात बघ. कपडे खरे आहेत आणि तू त्यांच्यात भाडेकरूसारखा उभा आहेस. इस्त्री कोणी केली?"

"मीच. मला वाटलं, तपासणी आहे तर..."

"जा घरी. होडी सुटेपर्यंत हे अंगावरून उतरवायचं नाही. यातच खणायचं, यातच रंगवायचं, यातच झोपायचं. फाटलं तर शिवायचं. शेवटचा निकाल त्या दिवशी धक्क्यावर देईन. आणि तो चष्मा नाही चालायचा."

"बाई, त्याच्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही."

"त्या काळी पुष्कळांना दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या.

मग तीन आठवडे डेन्झिलने ते कपडे अक्षरशः भोगले. त्यात बटाटे काढले, पन्हाळी साफ केली, कुंपणाला डांबर फासलं. ऑफिसात गेला तेव्हा साहेबांनी 'नीटनेटका पोशाख' या कलमाकडे बोट दाखवलं आणि त्याची शिल्लक रजा आपणहून मंजूर केली. पन्हाळीच्या खिळ्याने गुडघ्यावर तुमान फाटली, तिथे त्याने कोटाच्या उरलेल्या कापडाचं ठिगळ लावलं. तो शेडच्या खिडकीत बसून ते ठिगळ शिवत होता. समोर बागेत लोवेना मटार सोलत बसली होती, ती हात थांबवून बघत राहिली.

"डेन्झिल," ती म्हणाली, "तू छान शिवतोस रे."

ज्या बाईची काजं बघायला लोक ट्रूरोहून येतात, ती हे म्हणाली होती. डेन्झिलने मान खाली घातली आणि लगेच बोटात सुई टोचून घेतली.

तो शनिवार उजाडला. धक्क्यावर ही गर्दी! पाहुण्यांपैकी दर तिसऱ्या माणसाच्या हाताला प्लास्टिकचा आकडा होता आणि डोळ्यावर काळी पट्टी. सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. होडी पायऱ्यांशी डुलत होती, लोवेना तोफेशी वाकलेली होती, म्हणजे तशी असावी. चष्म्याशिवाय डेन्झिलला फक्त एक तपकिरी ठिपका दिसत होता. तो पायऱ्यांच्या वरच्या टोकाला दगडावर बसून निकालाची वाट बघत होता. बाई नाही म्हणाल्या तर पिवळं जाकीट वाहनतळावर खुंटीला लटकत होतंच.

इतक्यात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची आकृती त्याच्यापुढे येऊन थांबली. डेन्झिल ताडकन उठला आणि टोपी काढून उभा राहिला. आकृतीने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. ठिगळ बघितलं. डांबर बघितलं. निळी नखं बघितली.

"किती दिवस झाले असे?" तिने हळू आवाजात विचारलं.

"तीन आठवडे. अंगावरून उतरवलं नाही, तुम्ही म्हणालात तसं."

"आणि झोपता कुठे?"

"शेडमध्ये. वासामुळे बायको घरात घेत नाही."

"अगंबाई! देवा! आणि जेवलात का सकाळपासून?"

"नाही, सकाळपासून इथेच बसलोय," असं म्हणता म्हणता डेन्झिलच्या लक्षात आलं, की पेंगेलीबाईंनी जन्मात कोणाला जेवलास का म्हणून विचारलेलं नाही. तोवर त्याच्या एका हातात कागदात गुंडाळलेली, मांस-बटाटा भरलेली करंजीसारखी गरम पॅस्टी आली होती आणि दुसऱ्यात लोकरी मोज्यांचा जोड.

"लाजू नका हो," ती परगावची म्हातारी म्हणाली. "कोणावरही वेळ येते. आमच्या चर्चच्या मंडळाची बस एक्सेटरहून आली आहे, आम्ही मोजे बरोबर ठेवतोच. देव तुमचं भलं करो." आणि डोळे पुसत ती गर्दीत गेली.

डेन्झिलचे कान लाल झाले. मी नगरपालिकेत वरिष्ठ कारकून आहे, माझं स्वतःचं घर आहे, घराला दोन न्हाणीघरं आहेत, हे सगळं त्याला ओरडून सांगायचं होतं. आजूबाजूला शंभर चाचे उभे होते. फोटो सगळ्यांचे काढले जात होते. आणि भीक तेवढी त्याला मिळाली होती. तो मागे वळला, तर दोन हातांवर पेंगेलीबाई उभ्या होत्या. खऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाईंनी त्याच्या हातातल्या पॅस्टीकडे बघितलं.

"एकेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, "एकेचाळीस वर्षं मी हे कपडे करते आणि घालते, राजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बक्षिसं दिली, वर्तमानपत्रात छापलं. पण कोणी एकाने सुद्धा मला खरं मानून खायला दिलं नाही."

डेन्झिलने पॅस्टी पुढे केली. बाईंनी टोकाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. मग मोज्यांचा जोड घेऊन भिंगाखाली धरला.

"हे यंत्रावरचे आहेत," त्या म्हणाल्या. "हे माझ्याकडे राहू देत. चढ होडीत."

डेन्झिल पायऱ्या उतरला. म्हणजे तीन उतरला आणि उरलेल्या घसरला. लोवेनाने न बघता हात पुढे केला आणि त्याला ओढून शेजारी बसवलं. होडी धक्क्यापासून सुटली, वळली, आणि किनाऱ्यावरचा आवाज एकदम वाढला. लोवेनाने तोफ डागायच्या काठीची वात पेटवली आणि ती काठी त्याच्यापुढे धरली.

"घे. आज तू उडव."

"नको," डेन्झिल म्हणाला. "तू उडव. मला जवळून बघायचंय."

ती त्याच्याकडे बघून हसली, पाय रोवले, पदर खोचणाऱ्या बाईसारखी बाही वर सारली, आणि तोफ उडवली. काळ्या धुरातून तिचा चेहरा बाहेर आला तेव्हा डेन्झिल तिच्यापासून हातभर अंतरावर होता. गाव म्हणत होतं ते खरं होतं. त्यानंतर दोन दिवस त्याला काहीही ऐकू आलं नाही.